भेसळ या शब्दाची चौकशी

समाज टिकतो तो शुद्धतेवर, आणि शुद्धता टिकते ती समितीवर. म्हणून सन १९३१ साली आमच्या आळीत भेसळ-निर्णय समिती निघाली. अध्यक्ष रावजी. कचेरीतून निवृत्त झालेले (कामातून त्याच्या बरेच आधी).

निमित्त तुळसा. भाट्याहून होडीने खाडी ओलांडून ती आळीतल्या चौदा घरी दुधाचा रतीब घाली. तिच्या दुधाबद्दल कुजबुज झाली. दोषी ठरली तर चौदाही घरं बंद, आणि म्हैस विकायची पाळी.

पण शब्दाचा अर्थ ठरल्याशिवाय शिक्षा करणं अन्यायाचं. पहिल्या तीन बैठका शब्दाच्या उगमावर झाल्या. रावजींच्या मते तो घाटावरून उतरला. घाटावरचे मास्तर म्हणाले, मुंबईहून बोटीने आला. गफूरभाई तांडेल म्हणाले, "आमच्या गलबतात कौलं येतात, खजूर येतो. असला माल आम्ही कधी उतरवला नाय." सर्वानुमते ठरलं : शब्द कुठला का असेना, इथला नव्हे.

अर्थाला आणखी दोन बैठका लागल्या. पाहुणे आले की आमटीत ओततात ते पाणी आतिथ्य. सुनेच्या ताकात सासू घालते ते वळण (मला उत्तम लागलं आहे). आजाऱ्याच्या पेजेतलं ते पथ्य. उरलेलं पाणी, म्हणजे दुसऱ्याने घातलेलं, ती भेसळ.

मग परीक्षा. शुद्धतेचा नमुना म्हणून अध्यक्षांच्या घरच्या म्हशीचं दूध ठेवलं, शेजारी तुळसाचं. दोन्हींचा एकेक थेंब केळीच्या पानावर सोडला. नमुना घसरत पानाखाली गेला. तुळसाचा थेंब जागीच बसला.

समितीने शांतपणे विचार केला. नमुना शुद्ध. तुळसाचं दूध नमुन्यासारखं नाही. अर्थात तिने त्यात काहीतरी मिसळलंय.

"काय घातलंस गो?" रावजी गरजले.

"काय घालू, रावजीदादा? घालायला घरात हाय काय?"

इतक्यात रावजींच्या पत्नी सगुणाताई चहा घेऊन आल्या. तुळसाचा उतरलेला चेहरा त्यांना बघवेना. "अहो, नऊ माणसं, दोन दोनदा चहा! आपल्या दुधात रोज तांब्याभर पाणी घालतेय मी. आजही घातलं."

गफूरभाईंनी कपाकडे पाहिलं. "तरीच!"

रावजी डगमगले नाहीत. घरचं पाणी, म्हणजे आतिथ्य. नमुना कायम. निकाल लेखी झाला : तुळसाने आपलं दूध नमुन्याबरहुकूम करून घालावं, पाणी समितीने पाहून दिलेल्या विहिरीचं असावं.

तुळसाने अंमळ विचार केला. "मग पाणी तुमच्याच दारात वततंय. खाडीपार वझं कशाला व्हावू?"

रतीब टिकला, म्हैस टिकली. समितीही टिकली.

आता तुम्ही मनात म्हणत असाल, काय हे, बिचारीचं निर्भेळ दूध! निर्भेळ होतं असं मी कुठे लिहिलंय? मागे जाऊन पाहा. होडीत चढण्याआधी ती कासंडी घेऊन विहिरीवर कशाला थांबते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय (बोलले नाही, तिच्या म्हशीचं रेडकू लहान होतं). निर्भेळपणा तुम्ही आपल्या पदरचा घातलात.

समितीला भेसळीचा उगम सापडला नव्हता. आज सापडला.