झाबेलबाईंनी एकटा सूर दरबारी बसविला त्याची हकीकत

श्रीनाददेवतेस दंडवत. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभन नाम संवत्सरी या राज्यात जे वर्तले ते ऐकावे. झाबेलबाई म्हणोन आर्मेनियन कुळातील थोर रचनाकार. मुलूख उजाड जाहला तेव्हा त्यांचे आजे परागंदा होऊन येथे आले, आणि येताना जर्दाळूच्या लाकडाचा पावा तेवढा कमरेस होता. पुढे तोच पावा घेऊन बाईंचे तीर्थरूप गारेगिनबाबा यांनी चाळीस वर्षे लग्नकार्यी एकच सूर धरावा, गाल फुगवून, नाकाने श्वास ओढीत, तुटो न द्यावा. आणि जोडीदाराने वर चाल वाजवून वाहवा घ्यावी, आणि चाल थांबली की बाबांनीही मुकाट थांबावे, ऐसा त्या लोकांचा रिवाज. बाबांस एकट्यास कोणी कधी ऐकिलेच नाही, हे शल्य लेकीचे उरी होते.

मग राज्याचे समारंभाकरिता आज्ञा जाहली, तीवरून बाईंनी दोन वर्षे खपून ऐंशी वाद्यांची रचना सिद्ध केली, आणि अखेरीस सारी फौज गप्प होऊन बाबांचा एकला सूर राहावा, ऐसे लिहिले. छडी हलवून ती फौज चालविणारे सरनौबत कागद पाहून हसले. म्हणाले, "बाईसाहेब, एक सूर धरावयास माणूस कशास? यंत्र आहे. कळ दाबली की काम फत्ते."

बाई बोलिल्या, "यंत्र थकत नाही, म्हणोनच नको."

"मग रचनाही नको!"

बाईंनी कागद गुंडाळिले, काखोटीस मारिले आणि चालू लागल्या. दोन वर्षे पाण्यात जात होती, परंतु पाऊल अडखळले नाही. समारंभास आठच दिवस उरलेले आणि पदरी दुसरी रचना नाही. नाक दाबले तेव्हा सरनौबतांचे तोंड उघडले, "बरे, बसवा म्हाताऱ्यास. फजिती जाहली तर ती तुमचे माथी."

मग सभा भरली, आणि व्हायोलिने उधळली, आणि नगारे कडाडले, आणि चाल थांबली. तेथेच घात जाहला! चाळीस वर्षांचा रिवाज हाडी मुरलेला. चाल थांबताच बाबांनी पावा मांडीवर ठेविला. लोक टाळीस हात उचलू लागले. परंतु सरनौबतांनी वर गेलेली छडी खाली केली नाही. मान लववून हळूच म्हणाले, "बाबा, आपलेच वाजविणे राहिले आहे."

बाबांनी लेकीकडे पाहिले. लेकीने मान हलविली. मग त्यांनी पावा ओठी लाविला आणि सूर धरिला, आणि छाती पुरली तोवर धरिला, आणि सरतेशेवटी तो कापरा होऊन विरला, तेव्हा सभेत कोणी खोकलेदेखील नाही.

तात्पर्य, चाळीस वर्षांत बाबा प्रथमच सर्वांमागून थांबले. छडी त्यानंतर खाली आली.