सुलोचना सिस्टरांचा खाडा

रोज सकाळी आमच्या सरकारी दवाखान्याच्या दारात सुलोचना सिस्टर भिंतीशी भांडतात. भिंतीवर हजेरीचं मशीन आहे. अंगठा टेकवला की ते ‘थँक्यू’ म्हणतं आणि आपण आत. पण साबणाच्या अन् ब्लिचिंगच्या पाण्यात हात घालून घालून सिस्टरांचा अंगठा इतका गुळगुळीत झालाय, की मशीन त्यांना पहिल्या झटक्यात ओळखतच नाही. मग त्या अंगठा पदराला पुसतात, फुंकर घालतात, केसातलं तेल बोटाला लावतात आणि शेवटी मशीनलाच झापतात.

“आरं मुडद्या, मी हितं हाय की! कालबी आलते, परवाबी आलते. म्होरं उभी हाय, आन् पुन्यांदा प्रयत्न करा म्हंतोस?”

मागं खोळंबलेली रांग हसते. मी लॅबमध्ये टेक्निशियन. माझा नंबर नेमका त्यांच्या मागं, त्यामुळं हा तमाशा मला पाठ आहे.

वॉर्डात त्या पेशंटला नावानं कधी हाक मारत नाहीत, गावानं मारतात. “ए होटगी, गोळी घेतलीस का?” एकदा एकाच गावच्या दोघी शेजारी होत्या, तर त्यांची थोरली आणि धाकटी अशी वाटणी झाली होती. ड्युटी संपली तरी बाई हलत नाहीत. घरी जा म्हटलं तर म्हणतात, “जाते की. घरात मी आन् माजं कुलूप. ते काय पळून चाललंय?” लग्न केलं नाही, भावंडं लांब. क्वार्टरची एक खोली, बस्स.

तर अशा बाईला एक दिवस ऑफिसातनं नोटीस आली. सबंध महिना विनापरवाना गैरहजर! ज्या महिन्यात जमिनीवर गाद्या टाकून पेशंट झोपवले आणि सिस्टरांनी हक्काची सुट्टीसुद्धा घेतली नाही, नेमका तोच महिना. मशीनशी भांडायला तेव्हा सवड कुठली, अंगठा उठला नाही तरी त्या तशाच आत पळायच्या. मी त्यांना घेऊन हेडक्लार्ककडे गेले.

“मॅडम, मशीनमध्ये तुम्ही नाहीच,” साहेब म्हणाले.

“अवो सायेब, मग तुमच्या म्होरं कोन बसलीय?”

“आज बसलाय हो. तेव्हाचं काय?”

“होत्या की, मी सांगते,” मी म्हटलं.

“स्टाफची साक्ष चालत नाही. तुम्ही एकमेकींना सांभाळून घेता. त्या महिन्यातल्या एखाद्या पेशंटचा जबाब आणा, सहीनिशी. नाहीतर गैरहजर धरून पुढं पाठवतो.”

धन्य आहे! सिस्टर लॅबमध्ये येऊन ढसाढसा रडल्या. पगाराचं त्यांना काही नव्हतं. “आक्ख्या नोकरीत एक खाडा न्हाय गं माजा. आई गेली तवाबी अर्ज देऊनच गेले. आन् आता, रिटायर व्हायच्या टायमाला?”

रविवारी मी स्कूटर काढली. महादेवी आजी खुब्याचं हाड मोडून तो सगळा महिना सिस्टरांच्या वॉर्डात होत्या. त्यांचं घर कुंभारीला. जबाब मी आधीच लिहून पर्समध्ये ठेवला होता, नुसती सही हवी होती. वाटेत सिस्टरांचं घोकणं चाललेलं, “आदी इषय काडायचा, मग सही, मग निगायचं. बसायचं न्हाय.”

दारात सून धुणं वाळत घालत होती. तिनं पिळा तसाच बादलीत टाकला. “अगं बया, सिस्टर! आत्याबाई, बघा तर कोन आलंय! आज हिकडं कशी काय वाट वाकडी केली?”

सिस्टरांनी तोंड उघडलं, मिटलं. “सहज गं,” त्या म्हणाल्या. “म्हटलं, आजी चालाय लागली का बगून यावं.”

माझा हात पर्सकडे गेला, तसा त्यांनी मला असा चिमटा काढला की आई गं!

आजी काठी टेकत आल्या, सिस्टरांच्या तोंडावरनं हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. शेजारणींना हाका गेल्या. “ह्याच की त्या, माजी कूस बदलायच्या!” जेवल्याबिगर सोडायला कुणी तयार नव्हतं. भाकरी, वांग्याची भाजी, शेंगाची चटणी. वॉर्डात उभ्याउभ्या डबा संपवणाऱ्या सिस्टर पाटावर मांडी घालून बसल्या, आणि सुनेनं वाढलेल्या एकाही भाकरीला त्या नको म्हणाल्या नाहीत.

गावाबाहेर येताच मी स्कूटर थांबवली. “डोकं फिरलंय का तुमचं? एक सही, सिस्टर! एक!”

“वरडू नगंस,” त्या म्हणाल्या. “घरला जाताना समदे पेशंट म्हंत्यात, सिस्टर, या एकदा घरी. म्हंत्यात आन् जात्यात. म्या कवा गेले न्हाय. खरंच बोलवत्यात का नुसतं म्हंत्यात, कुनाला ठावं? आज गेले, तर पाट मांडला गं मला. तितं कागद काडला असता, तर म्हातारी म्हनली असती, सहीपायी आली.”

त्यांनी पदरानं डोळे पुसले. मी स्कूटरला किक मारली.

सोमवारी साहेबांनी विचारलं, “काय, मिळाला का साक्षीदार?”

मी काही बोलायच्या आत सिस्टर म्हणाल्या, “न्हाय, सायेब. घरी कुनी न्हवतं.”