बारशाला निघालेली बरणी

बारसं संध्याकाळी पाचला होतं, आणि दुपारचे तीन वाजले तरी बाळाचा बाप शीवच्या पुढं सरकला नव्हता.

चिंतामणीनं पाय जमिनीला टेकवून मागं पाहिलं. पाचांपैकी चार सायकली दिसत होत्या. पाचवी, म्हणजे बंडूची, पुन्हा पंक्चर झाली असणार. नाशिकच्या द्राक्षमळ्यांची पाच दिवसांची सहल. दोन दिवस जायला, एक दिवस मळ्यांतून भटकायला, दोन दिवस यायला. हा बेत ठरला दिवाळीत. तेव्हा बाळ यायला मार्च उजाडेल असं डॉक्टर म्हणाले होते. बाळानं मात्र कुणालाच विचारलं नाही. ते फेब्रुवारीतच आलं.

चिंतामणी जाणारच नव्हता. पण सातव्या दिवशी बाळंतपणाला माहेरी आलेली वासंतीच म्हणाली, "जा तुम्ही. इथं बसून दर पाच मिनिटांनी 'श्वास घेतेय ना?' विचारता, त्यानं तिचीही झोप मोडते नि माझीही. फक्त बाराव्या दिवशी पाचच्या आत या."

तिचे वडील शामराव गिरगावातल्या एका शाळेतून निवृत्त झालेले हेडमास्तर. बेचाळीसमध्ये सात महिने तुरुंगात काढलेले, आणि दारूबंदीवर व्याख्यानं देणारे. बाहेर संयुक्त महाराष्ट्रासाठी रोज सभा, मोर्चे, जमावबंदी चाललेली. "देश पेटलाय आणि आमचे जावई सायकलवरून द्राक्षं बघायला चाललेत," ते म्हणाले. मग जिन्यापर्यंत येऊन त्यांनी चिंतामणीला सांगितलं, "बारशाला बाप हजर नसला, तर सव्वा महिन्यानं मुलगी पाठवायची नाही मी. सहा महिने इथंच राहील. बेजबाबदार घरात नात धाडत नसतो मी."

सहा महिने! माझगावच्या आपल्या दोन खोल्यांत एकट्यानं, घडी घालून ठेवलेल्या दुपट्यांकडं बघत काढायचे सहा महिने!

"चिंत्या, ही बरणी बघ रे," मागून येणारा रमाकांत म्हणाला. "मघापासून बोलतेय."

चिंतामणीनं कॅरियरवर हात ठेवला. पिंपळगावच्या मळ्यात राधाबाईंनी, नवी बाळंतीण घरी आहे हे कळल्यावर, स्वतःच्या हातानं द्राक्षं पिळून चिनी मातीची बरणी भरून दिली होती. बूच ठोकलं, वरून मेण ओतलं आणि म्हणाल्या, "लेकीला सांगा, रोज वाटीभर घे. अंगात रक्त भरंल." चिंतामणीनं ती बरणी आपल्या स्वेटरात गुंडाळली. अगदी सुईणीनं बाळाला गुंडाळताना पाहिलं होतं तशी, डोकं तेवढं उघडं ठेवून. दोन दिवस उन्हातून, कसारा घाटाच्या खड्ड्यांतून ती हिंदकळत आली होती. आणि आता आतून बारीक आवाज येत होता. सूंऽऽ.

"आंबला," रमाकांत म्हणाला.

"काय आंबला?"

"रस. दोन दिवस बंद बरणीत, उन्हात. आता तो रस नाही राहिला, चिंत्या. दारू झाली त्याची."

"टाकून देतो."

"कुठं? दारूबंदीचा कायदा आहे, नि प्रत्येक चौकात पोलीस आहेत. ओतलीस की वास सुटणार. आणि बूच काढलंस तर…" रमाकांतनं दोन्ही हातांनी जे दाखवलं, ते बघून चिंतामणीनं बुचावरचा हात काढून घेतला.

तेवढ्यात बंडू सायकल ढकलत आला, तिचं पंक्चर काढून झालं. पाच जणांनी मिळून जाऊ नये, जमाव समजतील, असा शहाणपणा त्यानंच सुचवला. म्हणून ते पन्नास-पन्नास पावलांवर एकामागून एक निघाले. त्यामुळं झालं इतकंच, की परळच्या नाक्यावर पोलिसांनी पहिल्याला हटकलं आणि मागचे चौघे एकेक करून आपल्या पायांनी येऊन उभे राहिले.

"एकमेकांना ओळखत नाही म्हणता," फौजदार म्हणाला, "आणि पाचही जणांच्या टोप्या एकाच कापडाच्या?"

टोप्या त्यांच्या सायकल क्लबच्या होत्या. बंडूच्या बहिणीनं शिवलेल्या.

"त्या कापडात काय आहे? मूल?" हवालदार रामजीनं वाकून पाहिलं.

"बरणी आहे," चिंतामणी म्हणाला.

"बरणीत काय?"

"रस. द्राक्षांचा. घरी बाळंतीण आहे साहेब, आज बारसं आहे, पाच वाजता."

सूंऽऽऽ, बरणी म्हणाली.

फौजदार एक पाऊल मागं सरला. "रस आवाज करतो?"

खरं सांगावं तर दारू. जप्ती, पंचनामा, कोठडी. आणि उद्या सकाळी शामरावांच्या कानावर, की दारूबंदीवर बोलणाऱ्याचा जावई दारूत सापडला. मग सहा महिने कसले, बाळाचं तोंड जन्मात दिसायचं नाही. न सांगावं तर…

"बॉम्ब म्हण," बंडू कानाशी पुटपुटला. "अरे बॉम्ब म्हण! निदान राजकीय कैदी होशील. सासरा डबा घेऊन भेटायला येईल."

"गप रे!"

"काय कुजबुजताय? उघड ती बरणी."

"साहेब, उघडली तर उडेल."

हे वाक्य तोंडातून गेलं आणि आपण काय बोललो ते चिंतामणीला कळलं. पण उशीर झाला होता. रामजी हातगाडीच्या आड जाऊन बसला. दोन शिपायांनी रस्ता अडवला. समोरच्या चाळीच्या गॅलऱ्या भरू लागल्या. वरून कुणीतरी ओरडलं, "संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" आणि तिन्ही मजल्यांनी ते उचललं.

बरणी रस्त्याच्या मधोमध ठेवण्यात आली. स्वेटर घातलेली, एकटी. चिंतामणीला उगीचच तिची दया आली.

"वाळूची बादली आणा," फौजदार म्हणाला. बादली येईना. पाच मिनिटं गेली. दहा गेली. सव्वाचार वाजले. चिंतामणीच्या डोळ्यांपुढं पाळणा दिसत होता, फुलांच्या माळा लावलेला. बायका एकमेकींना विचारतायत, "बाप कुठाय?" आणि शामराव घड्याळ काढून बघतायत.

त्याच्यानं राहवेना. "साहेब, खरंच रस आहे हो! बघा, मी हात लावून दाखवतो." तो धावला. त्याला अडवायला धावलेल्या फौजदारानं त्याची बाही धरली, ती टर्रकन फाटली. दोघं बरणीवर वाकले आणि त्याच क्षणी बरणीचा धीर सुटला.

फाट्! बूच दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत जाऊन आदळलं. जांभळा फेस माणसाच्या उंचीइतका उसळला आणि फौजदार, चिंतामणी, आणि नक्की काय होतंय ते बघायला गाडीआडून नेमकं तेव्हाच पुढं आलेला रामजी, तिघांनाही डोक्यापासून न्हाऊ घालून गेला. बंडू नि बाकीच्यांच्याही अंगावर शिंतोडे उडाले.

रामजीनं मिशीवरून जीभ फिरवली.

"साहेब, ही तर चांगली…"

"गप!" फौजदारानं आपली बाही नाकाशी नेली आणि त्याचा चेहरा पडला. साडेचार वाजता मोठे साहेब नाक्यावर फेरीला येणार होते. पंचनामा करायचा तर ज्याच्या अंगाला वास, त्याची डॉक्टरकडून तपासणी. त्यात पहिलं नाव कुणाचं लिहायचं?

तो चिंतामणीकडं बघत राहिला. चिंतामणी त्याच्याकडं. फेस डोळ्यांत गेल्यानं दोघांचे डोळे लाल झाले होते.

"सोड्याची बाटली फुटली," फौजदार शेवटी म्हणाला. "लिंबूसोडा. कळलं?"

"हो साहेब."

"आणि असे भिजून पुढं गेलात तर लालबागला धरतील. विचारतील कुठं भिजलात. मग तुम्ही माझं नाव सांगाल." त्यानं कपाळ पुसलं. "रामजी, यांना गाडीत घाल. सायकली वर बांध. थेट गिरगाव. मध्ये कुठं थांबलास तर बघ. आणि तूही तिकडंच तोंड धू."

पाचाला दहा मिनिटं असताना पोलिसांची जाळीची गाडी शामरावांच्या दारात थांबली. त्या दिवसांत अशी गाडी गल्लीत शिरली की चाळीच्या चाळी खाली उतरत. मागचं दार उघडलं. आधी चिंतामणी उतरला. शर्ट भिजलेला, बाही फाटलेली, डोळे लाल. मागून बंडू लंगडत आला. घाटात पडल्यापासून त्याचा गुडघा दुखत होता.

"अहो, जावईबापूंना धरलं होतं!" कुणीतरी किंचाळलं.

"मोर्चात?"

"मग काय बारशाच्या दिवशी गंमत म्हणून पोलिसांच्या गाडीतून येतात?"

शामराव गर्दीतून वाट काढत पुढं आले. त्यांनी जावयाला नखशिखांत न्याहाळलं.

"चिंतामणराव! आणि मी तुम्हांला काय काय बोललो!"

"अण्णा, ऐका तरी, आम्ही खरं म्हणजे…"

"बोलू नका. खरा सत्याग्रही स्वतःच्या तोंडानं सांगत नसतो." त्यांनी जावयाला मिठी मारली आणि मग थबकून नाक उचललं. "हा वास कसला?"

चिंतामणीनं डोळे मिटले.

"अश्रुधूर, मास्तर," मागून रामजी खड्या आवाजात म्हणाला. त्यालाही अजून नोकरी करायची होती. "नवीन आलाय. जरा गोडसर असतो."

शामरावांनी पुन्हा एकदा खोल श्वास घेतला, अगदी आदरानं. "बेचाळीसमध्ये असला नव्हता," ते म्हणाले.

पाच वाजता, वेळेवर, बारसं झालं. चिंतामणीची बहीण दुर्गा हिनं बाळाच्या कानात कुर्रर्र केलं, पाठीत धपाटे खाल्ले, घुगऱ्या वाटल्या गेल्या. बायका बाहेरच्या खोलीत गेल्या तेव्हा कुठं चिंतामणी, सदरा बदलून, पाळण्यापाशी येऊन टेकला. बाळानं झोपेतच मूठ उघडून पुन्हा मिटली. पाच दिवसांत ती मूठ केवढी मोठी झाली होती, असं त्याला वाटलं.

"श्वास घेतेय ना?" त्यानं विचारलं.

"घेतेय." वासंतीनं त्याच्या केसांचा वास घेतला. मग पुन्हा एकदा घेतला. "तुमचा अश्रुधूर पिंपळगावचा दिसतो."

चिंतामणीचा चेहरा पांढराफटक पडला. "तुझ्यासाठीच आणत होतो गं. रोज वाटीभर घ्यायला सांगितलं होतं. आता जातो नि अण्णांना सगळं खरं सांगून टाकतो."

"सांगा की."

तो उठला. बाहेरच्या खोलीत शामरावांचा आवाज चढला होता. मोर्चा परळहून कसा निघाला, पोलीस कसे धावून आले. एकही गोष्ट त्यांनी पाहिलेली नव्हती, आणि ते सगळं डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगत होते. "सव्वा महिन्याचीही वाट बघायची नाही!" ते कुणालातरी म्हणाले. "अशा माणसाच्या घरी नात जितकी लवकर जाईल तितकं बरं!" मग त्यांनी हाक मारली, "चिंतामणराव! सांगा हो यांना, लाठ्या किती बसल्या?"

चिंतामणी दारात तसाच खिळला. त्यानं वळून पाहिलं. वासंतीनं बाळाला उचलून अलगद त्याच्या हातांत दिलं, मान नीट टेकवली आणि दुपट्याचं टोक सारखं केलं.

"पाच म्हणा," ती हळूच म्हणाली. "अण्णा मघापासून पाचच सांगतायत."