तिघांनी पुढे ढकललेला रविवार

मर्व्ह पोकॉक एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा क्लबच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोचला होता, आणि नेमका तो सामना ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आला.

आमच्या गावात हा रविवार म्हणजे डोक्याला ताप. मुख्य रस्त्याच्या अलीकडे न्यू साउथ वेल्स राज्य, पलीकडे क्वीन्सलँड. त्या पहाटे उन्हाळ्यातल्या उजेडासाठी अलीकडची घड्याळं तासभर पुढे जातात, पलीकडची जागची हलत नाहीत. पुढचे सहा महिने गावात कुणी नुसतं “दहाला ये” म्हणत नाही. “इकडचे दहा” किंवा “तिकडचे दहा” असंच म्हणतात. न्हाव्याकडेही आणि लग्नाच्या आमंत्रणातही.

आमचा लॉन बोल्सचा क्लब अलीकडे. जड गोळे हिरवळीवरून घरंगळवत छोट्या पांढऱ्या गोळ्याजवळ न्यायचे, एवढाच खेळ. पण त्यावरून भावाभावांत अबोला धरलेला मी पाहिलाय. क्लबची कामं गेल्या वर्षीपासून कॉम्प्युटर करतो. सकाळी सातला हिरवळीवर तासभर फवारे, आठला क्लबचं दार उघडणं. कॉम्प्युटर आला म्हणून समितीने किल्ल्यासुद्धा मोडीत काढल्या. बसवणाऱ्याने पडद्यावर एक मोठं बटण दिलं होतं, ‘सर्व कामे एक तास पुढे’. ऑक्टोबरचा बदल कॉम्प्युटर आपला आपणच करेल, बटणाला हात लावू नका, असं पत्रही त्याने पाठवलं होतं. ते पत्र कुणी वाचलं नाही.

शनिवारी सकाळी सेक्रेटरी रॉझलिनबाई टिंडल यांनी विचार केला, या मशिनला कसली अक्कल. बटण दाबून त्या घरी गेल्या. दुपारी मर्व्ह आला. हिरवळीची निगा तोच राखतो आणि रॉझलिनबाईंवर त्याचा काडीचा विश्वास नाही. त्याने बटण दाबलं. संध्याकाळी अध्यक्ष ट्रेव्हर ग्रिब आला. आठ वेळचा विजेता आणि उद्याचा मर्व्हचा प्रतिस्पर्धी. राहायला पलीकडे, त्यामुळे अलीकडच्यांना घड्याळ कळत नाही असं त्याचं ठाम मत. त्यानेही दाबलं.

रविवारी, इकडच्या बरोब्बर दहा वाजता, पंच रॉझलिनबाईंनी खेळ सुरू करायला हात वर केला आणि चोवीस फवारे एकदम उडाले.

“बंद कर ते, मर्व्ह,” ट्रेव्हर छपराखाली पळत म्हणाला.

“कसं करू? नळ आत आहे.”

“मग आत जा.”

“दार उघडलंच नाहीये.”

“आठला उघडतं ना ते?”

“मी तासभर पुढे केलं होतं,” मर्व्ह पडेल आवाजात म्हणाला.

“तू कशाला केलंस? मी केलं होतं की,” ट्रेव्हर म्हणाला.

दोघांनी रॉझलिनबाईंकडे पाहिलं. बाई नियमांच्या वहीत डोकं घालून बसल्या होत्या. “सगळं मीच बघायचं म्हटल्यावर मी करणारच ना,” त्या वहीलाच म्हणाल्या. “म्हणजे दार आता अकराला. पण नियम स्पष्ट आहे. सव्वादहाला जो हिरवळीवर नसेल तो गैरहजर.”

ट्रेव्हरने आपल्या कडक इस्त्रीच्या पांढऱ्या पँटकडे बघितलं. “वेड लागलंय का? या पाण्यात कोण उभं राहणार?”

मर्व्ह राहिला. गोळा छातीशी धरून फवाऱ्यांच्या मधोमध पंधरा मिनिटं. नाकावरून पाणी गळत होतं, बूट पचपचत होते.

“सव्वादहा,” बाईंनी वहीत शाईने लिहिलं. “ग्रिब गैरहजर. मर्व्ह, जिंकलास तू.”

“असं नको गं रॉझ,” मर्व्ह म्हणाला. “एकोणतीस वर्षं वाट बघितली ती काय भिजायला? मला याच्याशी खेळायचंय.”

बाई विरघळल्या. सोमवारी दोन्हीकडे सुट्टी होती. “उद्या दहा. इकडचे,” त्यांनी तीनदा बजावलं. अकराला दार उघडताच बसवणाऱ्याला फोन करून त्यांनी फवारे पुन्हा सातला आणि दार आठला लावून घेतलं.

सोमवारी मर्व्ह सातलाच हजर झाला. कुठले दहा याचा घोळ घालण्यापेक्षा सगळ्याच दहांच्या आधी आलेलं बरं, असा त्याचा हिशेब. ट्रेव्हरचाही तोच निघाला. फवारे थांबेपर्यंत दोघं बाकावर बसून कंटाळले.

“चल, हात तरी मोकळे करू,” ट्रेव्हर म्हणाला.

हात मोकळे करता करता दोघं इरेला पेटले. पहिल्या फेरीनंतर गुण मोजू लागले. पावणेदहाला मर्व्हचा शेवटचा गोळा पांढऱ्याला अलगद चिकटला. एकवीस-एकोणीस. मर्व्ह हिरवळीवर बसला आणि चक्क रडला. ट्रेव्हरने त्याला रुमाल दिला आणि दुसरीकडे बघत राहिला.

दहाला बाई आल्या. “करा सुरू.”

“झाला. मी जिंकलो,” मर्व्ह म्हणाला.

“पंचाशिवाय? तो सामनाच नव्हे. पुन्हा खेळा.”

मर्व्हचा चेहरा पडला. असा हात रोज लागत नाही, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. ट्रेव्हरने त्याच्याकडे पाहिलं, मग आपले गुडघे चोळले.

“माझ्यात नाही बुवा आता ताकद. रॉझ, काल वहीत लिहिलंस ते खोडलंस का?”

“शाईने लिहिलेलं मी खोडत नाही.”

“मग राहू दे तसंच.”

आता क्लबच्या भिंतीवरच्या पाटीवर सोनेरी अक्षरांत आहे: ‘विजेता – एम. पोकॉक (प्रतिस्पर्धी गैरहजर)’. तिच्याखाली बसून मर्व्ह प्रत्येक नव्या सभासदाला एकवीस-एकोणीसची कथा सांगतो, गोळ्यागोळ्यासकट. ऐकणारा पाटीकडे बघतो आणि मग शेजारच्या ट्रेव्हरला विचारतो, हे खरं का.

“मला काय विचारतोस?” ट्रेव्हर ग्लासातून तोंड न काढता म्हणतो. “मी कुठे होतो तिथे?”