शकू नम्र झाली तेव्हा

सकाळी पावणेसातला दिगंबर सरांनी मैदानावर फक्की मारली, खो-खोचे दोन्ही खांब हलवून पाहिले आणि खिशातलं पिवळं कार्ड चाचपलं. डोक्याला मार लागल्यास काय करावे, हे त्यावर छापलेलं. दोन दिवसांच्या शिबिरात मिळालेलं ते कार्ड त्यांनी मुखोद्गत केलं होतं! अकरा वर्षांत प्रथमच शाळा अंतिम फेरीत पोहोचली होती आणि सामना उद्यावर आला होता.

सात वाजून दहा मिनिटांनी कर्णधार शकू वळताना खांबावर आपटली. सर कार्डासकट धावले.

"आज वार कोणता?"

"गुरुवार, सर."

"मागचा सामना कोण जिंकलं?"

"आपण, सर. आपल्या मार्गदर्शनामुळे."

सर सुखावले. एरवी सदाशिव पेठेतली ही पोर "फळ्यावर लिहिलाय की" म्हणाली असती!

इतक्यात मराठीच्या कुसुमबाई आल्या. शकू उठून म्हणाली, "निबंध राहिला, बाई. क्षमा असावी."

बाईंच्या हातून हजेरीपट निसटला. "हिला काय केलंत हो?"

"खांबावर आपटली."

"मग माझ्या वर्गातले चौघे पाठवू का?"

कार्डाप्रमाणे पालकांना कळवणं भाग होतं. सरांनी फोनवर शकूच्या आईला, आनंदीबाईंना, दिलासा दिला. "अगदी ठणठणीत आहे. उलट फार नम्र बोलतेय."

"कोण? आमची शकू? हलवू नका तिला, मी आलेच!"

दहा मिनिटांत त्यांची स्कूटर मैदानात शिरली. "डबा विसरलीस ना?"

"चुकलं, आई."

आनंदीबाई मटकन खाली बसल्या. "सर, चौदा वर्षांत हा शब्द पहिल्यांदा ऐकतेय. काय लिहिलंय तुमच्या कार्डावर?"

सरांनी चौथी ओळ वाचली: 'वागण्यात नेहमीपेक्षा फरक.' फरक चांगलाही असू शकतो, हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं. त्यांनी शकूकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. कोवळ्या उन्हातही ती डोळे बारीक करत होती.

"डोकं दुखतंय?"

"आपटल्यापासून," ती पुटपुटली. "उलट बोलले तर तुम्ही उद्या बाहेर बसवाल, म्हणून गोड बोलत होते."

"कार्टे!" आनंदीबाई ओरडल्या आणि तिला जवळ घेऊन रडू लागल्या.

डॉक्टरांनी निदान केलं: मेंदूला हलका धक्का, विश्रांती, मी सांगेपर्यंत खेळ बंद. काळजीचं मात्र कारण नाही.

"एकच दिवस, सर," शकू म्हणाली. सरांनी तिची पाठ थोपटली.

दुपारी मोकळ्या तासाला त्यांनी संघाची यादी काढली. शकूचं नाव पट्टी धरून खोडलं, शेजारी राखीव खेळाडू तुळजाचं लिहिलं, सही केली आणि यादी स्वतःच कचेरीत देऊन आले.