कोल्डरबीचा रस्ता

"आज तू माझ्यामागे येणार नाहीस," टोस्टला लोणी फासता फासता ग्लेनिसने नवऱ्याला बजावलं.

"मी कशाला येऊ? मला माझा धंदा आहे," नॉर्मन म्हणाला आणि चहा ढवळत राहिला. साखर घालायची मात्र तो विसरला होता.

ग्लेनिस हार्डविकने इंग्लंडमधल्या लिंकनशरच्या रस्त्यांवर सत्तावीस वर्षं शाळेची बस चालवली होती. निवृत्तीच्या समारंभात तिला एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं. घरी येऊन तिने ते कपाटात टाकलं आणि दुसऱ्याच दिवशी मायक्रोलाइट विमान शिकायला नाव घातलं. वर एक तिकोनी कापडी पंख, खाली एकामागे एक दोन खुर्च्या, पाठीशी भिरभिरणारा पंखा आणि सगळीकडून वारा. नॉर्मनच्या मते ते विमान नव्हतं, वाळत घातलेली चादर होती.

आज तिला एकटीने हॅगथॉर्पच्या मैदानावरून उडून पस्तीस मैलांवरच्या कोल्डरबीला उतरायचं होतं, तिथल्या माणसाची कागदावर सही घ्यायची होती आणि परत यायचं होतं. हे जमलं की परवाना हाताशी आला.

"नकाशा बघ, घड्याळ बघ, खाली बघ," तिचा गुरू कॉलिन पेग म्हणाला. कॉलिन शब्द जपून वापरणारा माणूस. "आणि शंका आली तर उगाच धाडस करू नकोस."

ग्लेनिस उडाली. खाली पिवळीधमक शेतं, मधून फुटपट्टीने आखावेत तसे सरळ कालवे. तिला इतका आनंद झाला की बसमध्ये पोरं म्हणायची ती गाणी ती मोठमोठ्याने म्हणू लागली. इथे गप्प बसवायला कोणी नव्हतं.

बाराव्या मिनिटाला खाली पाण्याची टाकी दिसायला हवी होती. दिसलं चर्च. पुढे आणखी एक चर्च. या मुलुखात चर्चं बटाट्यासारखी उगवलेली. त्यांच्या भरवशावर कोण वाट शोधणार? वारा आपल्याला बाजूला ढकलतोय हे तिला कळलं, पण किती ते कळेना. आणि तेवढ्यात खालच्या रस्त्यावर तिला एक गुलाबी टप दिसला.

नॉर्मनची आइस्क्रीमची गाडी!

"लबाड मेला!" ती ओरडली. पण राग ओसरला तसा जीव भांड्यात पडला. तीस वर्षं गावोगाव आइस्क्रीम विकणारा नॉर्मन रस्ता चुकणं शक्यच नव्हतं. शिवाय आजचा सगळा मार्ग आठवडाभर फ्रिजच्या दारावर चिकटवलेला होता. म्हणजे हा कोल्डरबीलाच निघाला असणार. तिने नकाशा बाजूला सारला आणि गुलाबी टपामागे विमान लावलं.

खाली नॉर्मन खिडकीबाहेर डोकं काढून एक डोळा रस्त्यावर आणि एक आभाळात ठेवून चालला होता. फ्रिजच्या दारावरचा कागद त्याने एकदाही वाचला नव्हता. तिच्या काळजीने तिकडे बघायचंच तो टाळायचा. ती जाईल तिकडे जायचं, एवढंच त्याने ठरवलेलं. रस्ता डावीकडे वळला तसा तो वळला. मागोमाग ती वळली. "बघा, बरोबर चाललोय," तो स्वतःला म्हणाला. गाडी हळू झाली तेव्हा पुढे जाऊ नये म्हणून ग्लेनिसने वर एक घिरटी घातली. ही उतरायला जागा शोधतेय असं समजून नॉर्मनने पुढच्या गोल चौकाला तीन फेऱ्या मारल्या. आलं वाटतं कोल्डरबी, असं ग्लेनिसला वाटलं.

चौकाशेजारी छान कापलेल्या गवताचं मैदान होतं. कडेला तंबू आणि फडफडणाऱ्या पताका. ग्लेनिसने पताकांवरून वारा जोखला, मैदानावरून एक फेरी मारली आणि लोण्यावर सुरी ठेवावी तशी अलगद उतरली. टाळ्यांचा कडकडाट झाला.

हातात तान्ह्या बाळाच्या डोक्याएवढा कांदा घेतलेल्या एक बाई धावत आल्या. गावच्या भाजीप्रदर्शनाच्या त्या चिटणीस, मिसेस ऑलसॉप.

"फारच छान! पण कार्यक्रमपत्रिकेत तुमचं नाव कुठं दिसलं नाही हो."

"सही हवी होती," ग्लेनिसने कागद पुढे केला. "हे कोल्डरबीच ना?"

"कोल्डरबी? छे गं बाई! ते तिकडं, समुद्राकडं. अठरा मैल!"

एवढ्यात फाटकातून टुणटुण वाजवत गुलाबी गाडी आत शिरली. गडबडीत नॉर्मनचं कोपर घंटीच्या बटणावर पडलं होतं. तो उडी मारून धावत आला.

"लागलं का कुठं? हाडं बघ आधी!"

"हाडं राहू दे! तू रस्ता चुकलासच कसा?"

"मी? मी तर तुझ्यामागून येत होतो!"

"अरे, मी तुझ्यामागून येत होते!"

मिसेस ऑलसॉप आधी हिच्याकडे, मग त्याच्याकडे पाहत राहिल्या, आणि त्यांना असं हसू फुटलं की कांदा हातून निसटला. ग्लेनिसने रागावून बघायचा प्रयत्न केला, पण तिच्याही नाकातून हसू निघालं. मग नॉर्मनच्याही. तोवर त्याच्या गाडीपुढे अख्ख्या गावाची रांग लागली होती.

निरोप मिळताच कॉलिन मोटारीने आला. आधी रांगेत उभं राहून त्याने आइस्क्रीम घेतलं. मग मैदान पायांनी मोजलं, चाकं तपासली.

"अनोळखी जागी उतरलीस. एक ओरखडा नाही," तो म्हणाला. "शाबास."

"मग हे परीक्षेत धरणार?"

"नाही."

पुढच्या शनिवारी नॉर्मनने गाडीची किल्ली आपणहून कॉलिनच्या बायकोकडे, मिसेस पेग यांच्याकडे ठेवायला दिली आणि त्यांच्या स्वयंपाकघरात बसून चार पौंड वाटाणे सोलले. ग्लेनिस नकाशा बघत, घड्याळ बघत, खाली बघत कोल्डरबीला पोचली, सही घेतली आणि दोन मिनिटं आधीच परत आली. उरलेल्या परीक्षाही पार पडल्या. शरद ऋतूत परवाना पोस्टाने आला.

"पहिला उतारू मी," नॉर्मनने जाहीर केलं.

ग्लेनिसला वाटलं, हा वर गेल्यावर डोळे मिटून देवाचं नाव घेईल. झालं उलटंच. घाम फुटला तो तिला. एकटी असताना फक्त विमान सांभाळायचं होतं. आता मागे हा होता. आणि हा मागे बसून कानातल्या यंत्रात नुसता किलबिलत होता.

"अगं, ते बघ डेव्हिसचं कोठार! छपराला भोक आहे, त्याला सांगायला हवं. आणि ती बघ, कशी मुंगीएवढी गाय! जरा खाली घे की!"

"नॉर्मन, गप्प बस. मला नीट चालवू दे."

तो गप्प बसला. जवळजवळ एक मिनिट. मग त्याने तिच्या खांद्यावर हलकेच थोपटलं.

"ग्लेनिस, पुढच्या फाट्याला उजवीकडे घे बरं का. सरळ रस्ता खोदून ठेवलाय."

आणि दोन हजार फुटांवरून ग्लेनिसने मुकाट्याने उजवीकडे घेतलं.