साहेबरावांचा कबुतर-बंदोबस्त

आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे साहेबराव बोदडे सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी गॅलरीत येत, घसा साफ करत आणि साऱ्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत, "पाण्याच्या टाकीकडून येणारी कबुतरांची पहिली फेरी लागून राह्यली हाय. ज्यायचे कपडे दोरीवर असतीन त्यायनं काढून घ्या." मग ते शिट्टी फुंकत. दोन लांब, एक आखूड.

तुम्ही दोघं व्हिडिओ कॉलवर मला नेहमी विचारायचात, आजी, तुझ्या मागे ती शिट्टी कसली वाजते? फोनवर सांगण्यासारखी ती गोष्ट नाही, म्हणून सवडीनं लिहिते आहे.

साहेबरावांनी बत्तीस वर्षं बस स्टँडवर कंट्रोलर म्हणून काढली. आधी अकोला, मग अकोट, शेवटी त्यांचं स्वतःचं गाव तेल्हारा. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली आणि कधी सुटली, हे लाउडस्पीकरवरून सांगायचं, हे त्यांचं काम. बायकोच्या औषधपाण्यासाठी त्यांनी अमरावतीत फ्लॅट घेतला. चार वर्षांपूर्वी ती गेली. एकुलती एक मुलगी वर्षा लग्न होऊन पुण्याला. उरले साहेबराव आणि त्यांचं मनगटावरचं घड्याळ. समोरून कोणी आलं की ते आधी घड्याळ बघतात, मग माणूस. दूधवाला असो की नळाचं पाणी, त्यांचा प्रश्न एकच असतो, "टायमात हाय का?" माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन दोनदा पुढे ढकललं गेलं तेव्हा मी जरा खचले होते. ते समाचाराला आले आणि म्हणाले, "लेट हाय, मॅडम. रद्द नाही ना?" त्यांच्याकडे सांत्वनाचं हे एकच वाक्य आहे आणि ते कुठेही चालतं, असा माझा अनुभव आहे.

कबुतरं आमच्या इमारतीत पूर्वीपासूनच होती. मी इंग्रजी शिकवण्यात आयुष्य घालवलं, त्यामुळे वर्गातल्या गोंगाटाची सवय आहे. घुमणाऱ्या कबुतरांकडे मी दुर्लक्ष करत असे. साहेबरावही करत. पण दिवाळीत वर्षाचा फोन आला की तिला दिवस गेलेत, आणि त्या दिवसापासून वरच्या मजल्यावर चालण्याचा जो आवाज सुरू झाला, तो थांबेचना. सकाळ, दुपार, संध्याकाळ, गॅलरीपासून स्वयंपाकघरापर्यंत आणि परत. माझ्या छतावरून जणू कोणी सतत एका गावाहून दुसऱ्या गावाला जात होतं.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही आपल्याकडची रीत. आई नसली तरी माहेर असतंच, असं साहेबरावांचं म्हणणं. पण वर्षाला लहानपणापासून दमा. पुण्याच्या डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं की कबुतरांच्या विष्ठेची धूळ तिच्या छातीला चालणार नाही, बाळाला तर नाहीच नाही. त्यामुळे ती म्हणाली, बाबा, गॅलरीत कबुतरं असतील तर मला तिथे येता येणार नाही. साहेबरावांनी हे वाक्य वरिष्ठांच्या लेखी हुकुमासारखं घेतलं. जानेवारीअखेर, सातवा संपला की ती येणार. तोवर फलाट रिकामा झाला पाहिजे.

बाकीची तयारी चोख होती. तेल्हाऱ्याहून त्यांनी बाळंतिणीसाठी बाज आणली, गाडीच्या टपावर बांधून. अंग चोळायला येणारी बाई ठरवली. तिलाही टायमात येता का, हे तीनदा विचारून घेतलं. माझ्याकडून डिंकाच्या लाडवांची कृती मागितली. मी ती क्रमांक घालून स्वच्छ अक्षरात लिहून दिली, तर ते दोन दिवसांनी खाली येऊन म्हणाले की सातव्या क्रमांकात 'अंदाजे' असा शब्द आहे, तो काढून आकडा टाकून द्या.

मग युद्ध सुरू झालं. साहेबरावांनी आधी शत्रूचं वेळापत्रक तयार केलं. एका वहीत रकाने पाडले: येणारी, जाणारी आणि मुक्कामी. मुक्कामी म्हणजे जी रात्री त्यांच्या गॅलरीतच राहत ती. मी ती वही पाहिली आहे. तीत 'राखाडी जोडी, ५.४०, दहा मिनिटं उशिरा' अशी नोंद वाचून मला शाळेतल्या मस्टरची आठवण झाली.

पहिला उपाय शिट्टीचा. आठवडाभर कबुतरं दचकून उडाली. पुढच्या आठवड्यात ती शिट्टी वाजली की जमू लागली. दुसरा उपाय प्लॅस्टिकच्या घुबडाचा. इतवारा बाजारातून आणलेलं ते घुबड मान हलवायचं आणि त्याचे डोळे अंधारात चमकायचे. समोरच्या इमारतीतल्या बायकांनी तक्रार केली की सकाळी उठल्याबरोबर घुबडाचं तोंड पाहावं लागतं. कबुतरांनी तक्रार केली नाही. ती त्याच्या डोक्यावर बसत. तिसरा उपाय तिखटाचा. कठड्यावर त्यांनी किलोभर भिवापुरी मिरचीची पूड पसरली. दुपारी वारा सुटला आणि ती सगळी पूड माझ्या घरात आली. मी, माझी कामवाली आणि भाजीवाला, तिघंही जिन्यात उभं राहून शिंकत होतो. साहेबराव धावत खाली आले, हात जोडले आणि म्हणाले, "मॅडम, गाडी चुकीच्या फलाटावर लागली."

मी त्यांना म्हटलं, गॅलरीला जाळी बसवून घ्या. त्यावर ते नाराज झाले. जाळी म्हणजे पिंजरा. पोरगी दोन महिने पिंजऱ्यात राहील का, असं त्यांचं मत पडलं. शेताची राखण करतात तशीच गॅलरीची करायची, असं म्हणून ते तेल्हाऱ्याला गेले.

तेव्हा कापसाची वेचणी संपत आली होती. शेतातून पऱ्हाट्या उपटून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ढीग घालणं चालू होतं. पऱ्हाटी म्हणजे कापसाचं वाळलेलं झाड. आमच्याकडे तिचं सरपण होतं, कुंपण होतं, झोपडीची भिंतसुद्धा होते. साहेबराव दोन भारे घेऊन परतले. वर्षाच्या खोलीच्या खिडकीबाहेर, गॅलरीत, लोखंडी स्टँडवर कूलर आहे. तिथेच कबुतरांचा मुख्य मुक्काम. साहेबरावांनी कूलरच्या मागे, वर, बाजूला अशा पऱ्हाट्या दाटून बसवल्या की मुंगीलाही वाट मिळू नये. मला मुद्दाम दाखवायला नेलं. "रानडुक्कर येत नाही याच्यातून," ते म्हणाले. मी म्हटलं, डुकराला काटक्यांचं घर बांधायचं नसतं. त्यांनी ते ऐकलं नाही, किंवा ऐकूनही मनावर घेतलं नाही.

कबुतराच्या दृष्टीनं घर बांधायला लागतात त्या काटक्या कोणीतरी घरपोच आणून दिल्या होत्या. आठवड्यात 'मुक्कामी'च्या रकान्यातली संख्या दुप्पट झाली.

जानेवारी संपला. वर्षाचा फोन आला की सध्या प्रवास नको, पंधरा दिवसांनी बघू. साहेबराव खाली येऊन मला सांगून गेले, लेट हाय, रद्द नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. माझ्या छतावरची पावलं आता मधूनच थांबू लागली, मग एकदम जोरात सुरू होत. शेवटी त्यांनी हार पत्करली आणि जाळीवाल्याला बोलावलं. पऱ्हाट्या काढायला सवड नव्हती. जाळीवाल्यानं दुपारभरात बाहेरून सगळी गॅलरी हिरव्या नायलॉनच्या जाळीनं शिवून टाकली आणि तो गेला. साहेबरावांनी तिचा फोटो काढून वर्षाला पाठवला. गॅलरीत एक पीसही दिसत नव्हतं.

संध्याकाळी ते माझ्याकडे आले. नेहमी दारातूनच बोलतात, त्या दिवशी आत येऊन बसले. घड्याळाकडे पाहिलं नाही. मी चहा टाकला. पुण्यातच दवाखान्यात नाव घातलंय, सासूबाई रजा घेणार आहेत, तिथले डॉक्टर चांगले आहेत, असं त्यांनी एकेक करून सांगितलं. सगळी कारणं बरोबर होती. मला विचारलं असतं तर मीही तोच सल्ला दिला असता. चहा संपल्यावर ते म्हणाले, "रद्द." आणि कप स्वतः विसळून ठेवून वर गेले.

त्या रात्री छतावर एकही पाऊल वाजलं नाही. मला झोप लागेना, इतकी मला त्या आवाजाची सवय झाली होती.

दुसऱ्या दिवशी सहा दहाची घोषणाही झाली नाही. त्याऐवजी जाळीवर काहीतरी फडफडत होतं. मी माझ्या गॅलरीतून मान वर करून पाहिलं, तर एक कबुतर बाहेरून जाळीला नखं रोवून लोंबकळत होतं. उडे, टाकीवर बसे, परत येई. तासभर हे चाललं. मग मी वर गेले.

दार उघडंच होतं. साहेबराव कूलरमागे वाकले होते. पऱ्हाट्यांच्या आत, अगदी खोल, मादी बसली होती. जाळीवाल्याला दिसली नाही, त्यांनाही नाही. माणसं इतकी जवळ येऊनही ती हलली नव्हती, कारण तिच्या पोटाखाली दोन अंडी होती. नर बाहेर राहिला होता.

मी म्हटलं, जाळीवाल्याला फोन करा. त्यांनी आत जाऊन भाजी चिरायची सुरी आणली आणि एक दिवसही न झालेली ती नवी कोरी जाळी कोपऱ्यातून हातभर कापली. नर लगेच आला नाही. साहेबराव मागे सरून भिंतीला टेकून उभे राहिले. बत्तीस वर्षांत इतक्या गप्पपणे त्यांनी कुठल्याही गाडीची वाट पाहिली नसेल. तो आत शिरला तेव्हा त्यांनी माझ्याकडे न बघता सुरी माझ्या हातात दिली.

मार्चमध्ये पिल्लं निघाली. त्यानंतर आठवड्यानं, दिवस भरायच्या थोडं आधीच, वर्षाला मुलगी झाली. साहेबरावांनी इमारतीत बर्फी वाटली, सगळ्यांना फोनमधला फोटो दाखवला. बाळ कोणासारखं आहे हे त्या फोटोवरून कळत नव्हतं, पण प्रत्येकानं काही ना काही सांगितलं.

तुम्ही हे वाचाल तेव्हा एप्रिल निम्मा झाला असेल. अमरावतीचं ऊन आता डोक्यात उतरतं आहे. आमचा कूलर दिवसभर चालू असतो. वरचा बंद आहे; साहेबराव ओला पंचा अंगावर घेऊन पंख्याखाली झोपतात आणि सकाळी लाल डोळ्यांनी जिन्यात भेटतात. काल मी त्यांना स्पष्टच म्हटलं, असे उकडत कशाला बसलात, पुण्याला जाऊन नात बघून या. पुण्याहून त्यांना अजून कोणी 'या' म्हटलेलं नाही, हे मला ठाऊक होतं. तरी माझ्या तोंडून गेलं. त्यांनी जिन्याच्या कठड्यावरची धूळ हातानं पुसली.

"कसा जाऊ, मॅडम? घरात बाळंतीन हाय."

मग हिशेब चुकू नये अशा आवाजात म्हणाले, "सव्वा मह्यना झाला का थे आपल्या लेकरायले घेऊन जाईन. तवर कोणी तिले उठवाचं नाही."

अशा वेळी माझ्यासारखी बाई काहीतरी कामाची गोष्ट करते. मी आत जाऊन वाटीभर ज्वारी आणली आणि त्यांच्यापुढे धरली. त्यांनी वाटीत बोट फिरवून पाहिलं आणि ती हळूच परत केली.

"ज्वारी नाही चालत तिले आता," ते म्हणाले. "बाळंतिनीले बाजरी देतेत. असंन तं बाजरी द्या."